आकाशातला ताफा आणि सामाईक विहीर

आमच्या खानदानात सध्या दोन वाद चालू आहेत. एक मेहकर तालुक्यातल्या सामाईक विहिरीचा आणि बांधाचा. तो माझ्या दोन भावांमधला. दुसरा टीव्ही मालिकांतल्या अंतराळयानांचा. तो त्यांच्या दोन मुलांमधला. पहिल्या वादामुळे चार वर्षं झाली, दोन्ही घरं ईदला एकमेकांकडे शिरखुर्मा प्यायला जात नाहीत. दुसऱ्या वादामुळे ती दोन मुलं रोज रात्री इशानंतर तासभर फोनवर बोलतात.

माझ्या हिश्शाची वाटणी अब्बांच्या पश्चात लगेच झाली होती. त्यामुळे दोन्ही भाऊ मला तिऱ्हाईत समजतात आणि गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडेच येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, म्हणून मुलंही त्यांचे हिशेब माझ्याकडे आणतात. “फुफी, तुम्हीच सांगा,” असं दोन्हीकडून ऐकते. यानांच्या वादाला “रिकामटेकडेपणा” म्हणून झटकणं सोपं होतं. पण नीट ऐकायला बसले तेव्हा लक्षात आलं की भांडावं कसं, हे या मुलांना त्यांच्या वडिलांपेक्षा चांगलं कळतं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका 1966 ते 1969 या काळात आली. तिचे 79 भाग. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. माझ्या वयाच्या पुष्कळांना टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक आठवत असेल. त्यातल्या यानाचं नाव एंटरप्राइज. पुढे त्याच दुनियेवर आणखी मालिका निघाल्या, नवी यानं आली आणि यानांचे ‘वर्ग’ ठरले.

वर्ग म्हणजे काय, हे आपल्या नौदलावरून चटकन कळतं. एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा वर्ग बहुधा पहिल्या जहाजाच्या नावानं ओळखतात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता, कोची आणि चेन्नई या तीन विनाशिका ‘कोलकाता वर्गा’च्या. तशीच पहिली एंटरप्राइज ‘कॉन्स्टिट्यूशन वर्गा’ची आणि 1987 च्या मालिकेतली एंटरप्राइज ‘गॅलेक्सी वर्गा’ची. कोणतं यान कोणत्या वर्गाचं, किती लांब, ताफ्यात तशी किती, कोण कोणाला भारी पडेल, यावर जगभरचे शौकीन पन्नासाहून जास्त वर्षं वाद घालत आले आहेत. त्यातले दोन आमच्या घरातले.

मेहकरच्या पोराला मोठी यानं आवडतात, पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्याला चपळ. गेल्या हिवाळ्यात दोघांना घेऊन मी लोणारला गेले. आपल्या जिल्ह्यातलं हे विवर उल्केच्या आघातानं बेसाल्ट खडकात तयार झालेलं. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. काठावर उभं राहून दोघांनी मापं लावायला सुरुवात केली. पहिली एंटरप्राइज 289 मीटर, म्हणजे आपल्या नव्या विक्रांतपेक्षा थोडी लांब. विक्रांत सुमारे 262 मीटर आहे. अशा सहा एंटरप्राइज या काठापासून त्या काठापर्यंत रांगेत बसतील. गॅलेक्सी वर्गाचं यान 642 मीटर, म्हणजे दोन बसतील, तिसरं काठाबाहेर जाईल. आणि ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतलं स्टार डिस्ट्रॉयर 1,600 मीटर, म्हणजे एकटंच विवर भरून टाकील. तोंडी हिशेब बरोबर होता. शाळेत इतक्या हौसेनं भागाकार करणारी मुलं मला क्वचितच भेटली.

पण माप लावणं हा या वादाचा सोपा भाग. अवघड भाग पुराव्याचा.

1967 च्या एका भागात कॉन्स्टेलेशन नावाचं यान येतं. दिसायला अगदी एंटरप्राइजसारखं, पण क्रमांक 1017. एंटरप्राइजचा क्रमांक 1701. मग 1017 हे जुन्या वर्गाचं यान का? त्याचं नंतर नूतनीकरण झालं का? यावर शौकिनांनी तर्कांचे डोंगर उभे केले. खरं कारण साधं होतं. पैसे वाचवण्यासाठी निर्मात्यांनी बाजारात मिळणारा एंटरप्राइजचा प्लास्टिकचा संच वापरला आणि त्यासोबत आलेल्या चिकटचित्रांतले 1, 7, 0, 1 हेच आकडे फिरवून 1017 केलं.

1990 मध्ये आलेल्या एका भागात 39 यानांचा ताफा नष्ट झालेला दाखवला आहे. पडद्यावर भग्न यानं काही क्षण तरंगतात. ते क्षण थांबवून, चित्र मोठं करून, त्यात कोणकोणते वर्ग आहेत हे लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले. पुढे कळलं की ती यानं बाजारातल्या संचांचे तुकडे जोडून केली होती आणि काहींना तर हायलायटर पेनांची नळकांडी लावली होती.

हे ऐकून मला वाटलं, आता वाद संपला. पण पुण्यातला म्हणाला, “फुफी, ते यान कसं बनवलं हा एक प्रश्न आणि गोष्टीत ते काय आहे हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं नाही.”

मग त्या दोघांनी आपसात ठरवलेले नियम सांगितले. पडद्यावर जे दिसलं किंवा बोललं गेलं, ते पहिल्या दर्जाचं. मालिकेच्या कारागिरांनी पुस्तकात छापलं, ते दुसऱ्या दर्जाचं. बाकी सगळा आपला अंदाज, आणि अंदाज सांगताना “माझा अंदाज आहे” असं म्हणायचं. फ्रान्झ जोसेफ नावाच्या एका आरेखकानं 1975 मध्ये या ताफ्याची तांत्रिक पुस्तिका काढली. तो विमान उद्योगात काम केलेला माणूस. त्यानं यानांचे नवे वर्ग रेखाटले, चित्रं अत्यंत सुबक. पण नंतरच्या मालिकांनी त्यातलं बरंचसं ग्राह्य धरलं नाही. मेहकरच्या पोराचं त्या पुस्तिकेवर जीवापाड प्रेम आहे, तरी वादात तो ती पुढे करत नाही. “नकाशा सुंदर आहे म्हणून कबूल करायचा नसतो,” हे त्याचेच शब्द.

आणि जिथं उत्तरच नाही, तिथं ते प्रश्न उघडा ठेवतात. डिफायंट हे लहानसं लढाऊ यान एका दृश्यात मोठं दिसतं, दुसऱ्यात लहान. 1998 च्या पुस्तकात लांबी सुमारे 170 मीटर दिली आहे, पण ती प्रत्येक दृश्याशी जुळत नाही. दोघांनी वहीत दोन्ही बाजू लिहिल्या आणि खाली ‘ठरलं नाही’ असं लिहून पान उलटलं. त्यासाठी कोणी कोणाशी बोलणं टाकलं नाही.

आता विहिरीकडे येते. थोरले भाईजान अब्बांनी स्वतः वहीत काढलेला नकाशा पुढे करतात. धाकटा सातबारा आणि मोजणीच्या जुन्या कागदांवर बोट ठेवतो. भाईजान म्हणतात, अब्बांच्या हाताचा कागद म्हणजे अब्बांचा शब्द. धाकटा म्हणतो, त्यावर ना माप ना सही. चार वर्षांत दोघांनी विहीर कोणाच्या बाजूला यावर आवाज चढवला, पण कोणता कागद आधी मानायचा हे एकदाही ठरवलं नाही. वर जुन्या गोष्टी येतात: कोणाच्या लग्नात कोणाला मागे बसवलं, दवाखान्यात कोण उशिरा पोहोचलं. बांधाच्या प्रश्नाला मानापमानाचं उत्तर दिलं की बांध तिथंच राहतो आणि मन मात्र आणखी फाटतं.

या उन्हाळ्यात मी दोघांना माझ्याकडे वेगवेगळं बोलावून एकच विचारलं: विहीर सोडा, कोणता पुरावा दोघांना मान्य होईल तेवढं सांगा. भाईजान बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, नव्यानं सरकारी मोजणी झाली तर मानीन, पण अब्बांची वही खोटी असं कोणी म्हणायचं नाही. धाकट्यानं ते कबूल केलं. वहीत अब्बांनी लावलेली झाडं आहेत, पाण्याच्या पाळ्या आहेत. ती आठवणीची चीज आहे, हद्दीची नाही. दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज दिला. अर्जावर दोन सह्या एकाखाली एक आहेत. दिलजमाई झाली असं मी म्हणणार नाही. सह्या करताना दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते.

आपल्या घरातली मुलं मोबाईलवर कुठल्या यानावरून, कुठल्या क्रिकेटपटूवरून हुज्जत घालत असतील, तर “बंद करा” म्हणण्याआधी पाच मिनिटं ऐका. मग विचारा: हे तुला कशावरून माहीत? बघितलं, वाचलं की वाटलं? या तिन्हींत फरक करायची सवय लहानपणी लागली, तर पुढे जमिनीच्या, लग्नाच्या, वाटणीच्या बैठकीत ती कामाला येते. आमच्याकडे ती मुलांना आधी लागली आणि मोठ्यांपर्यंत आता कुठे पोहोचते आहे.

मोजणीची तारीख अजून यायची आहे. त्या दिवशी साखळी धरायला आम्हीही येणार, असं दोन्ही मुलांनी कळवलं आहे.