ताठ गुडघा, पितळी अंग

जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल टेबलावर आली की मी आधी तिचे स्क्रू बघतो. खाचांच्या कडा धारदार असतील तर ती फारशी कुणी उघडलेली नाही. कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन घाईघाईने आत शिरलेलं असतं. अमेरिकेत जुन्या शस्त्रांची निगा राखण्याचं काम करताना मला सर्वांत प्रिय झाली ती हेन्री.

बेंजामिन टायलर हेन्रीने 1860 मध्ये तिचं पेटंट घेतलं. न्यू हेवनच्या ज्या कारखान्यात ती बनली, त्याचा सर्वेसर्वा ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्टांचा कारखानदार. 1866 पर्यंत साधारण 14,000 नग झाले. त्यांतल्या मोजक्याच लोखंडी अंगाच्या, बाकी पितळी.

बाजूच्या पट्ट्या काढल्या की तिचं मर्म दिसतं. लिव्हर मिटलेला असताना आतले दोन सांधे एका रेषेत येतात आणि ताठ गुडघ्यासारखे बोल्टला मागून रेटून धरतात. लिव्हर खाली ओढला की गुडघा दुमडतो, बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा चढतो आणि ताजं काडतूस उचललं जाऊन नळीच्या पातळीला येतं. लिव्हर मिटा, ते आत. बहुतेक शिपाई दर गोळीला नळीच्या तोंडातून दारू ठासत होते, त्या काळात हिच्या पोटात 16 काडतुसं मावत. हे यंत्र जुळवताना आजही मला बेंजामिन हेन्रीबद्दल आदर वाटतो.

उणिवा होत्याच. काडतुसांच्या नळीला खालून उघडी खाच, त्यातून माती आत जाई. पकडायला लाकूडही नव्हतं, त्यामुळे तापलेली नळी हाताला लागे. विंचेस्टरच्या 1866 च्या मॉडेलमध्ये नेल्सन किंगने बाजूने भरण्याचं झाकण दिलं आणि नळीखाली लाकूड आलं. 1873 मध्ये अंग लोखंडी झालं. पण त्या गुडघ्याला मोठ्या काडतुसाचा जोर पेलत नव्हता. जॉन ब्राउनिंगने 1886 च्या रायफलीत बोल्टला दोन उभ्या पट्ट्यांनी जखडलं, तेव्हा तो प्रश्न सुटला. ब्राउनिंगची रचना श्रेष्ठ, हे मान्य. जीव मात्र हेन्रीवरच.

हेन्रीची टाचणी काडतुसाच्या कडेवर दोन ठिकाणी आपटते आणि पुंगळीवर तिची खूण उरते. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत 1876 मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या शिपायांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड होत्या, तर लकोटा आणि शायान योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर. पुढे शंभरेक वर्षांनी उत्खननात सापडलेल्या पुंगळ्यांवरच्या अशा खुणांवरून पुरातत्त्वज्ञांनी एकेक बंदूक ओळखली, ती रणांगणावर कुठून कुठे गेली तेही शोधलं.

जुन्या खुणा अशा बोलतात, म्हणूनच घासून चकाकवलेली हेन्री पाहिली की मला फार वाईट वाटतं. भाव वाढेल म्हणून पितळ उजळतात, आणि क्रमांकाच्या, कोरीव अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात 2014 मध्ये जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली, 1882 मध्ये बनलेली विंचेस्टर सापडली. लाकूड करडं पडलेलं, लोखंड गंजलेलं. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयाने तिला नवी केली नाही, दस्ता आणखी भंगू नये एवढंच पाहिलं. माझ्या लेखी या कामाचा तोच धडा.

तुमच्या घरी पूर्वजांची तलवार किंवा कट्यार असेल तर तिला चिंच, राख, पॉलिश लावू नका. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, दमट भिंतीपासून दूर ठेवा आणि उजळण्याआधी जाणकाराला दाखवा.