कौलं परतताना

कुडाळजवळच्या आमच्या घराच्या कौलांवर पोटाच्या बाजूला १८६५ हा आकडा उठवलेला आहे. लहानपणी आम्हा भावंडांची खात्री होती की घर त्याच साली बांधलं. पण ते साल घराचं नाही, कारखान्याचं. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्यानं बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरात १८६५ मध्ये उभा केला. नदीकाठची चिकणमाती साच्यात दाबून, भट्टीत भाजून तिथं सपाट, एकात एक अडकणारी कौलं निघू लागली. पुढं कितीही वर्षांनी कौल भाजलेलं असो, ठशात साल तेच. आमच्या घरावर आधी कुंभाराचे अर्धगोल नळे होते. मंगलोरी कौलं आजोबांच्या काळात चढली.

मे महिन्यात कौलं परतायची म्हणजे घर माणसांनी भरायचं. वडील मुंबईहून रजा काढून यायचे. ते आणि काका छपरावर, शिडीवर एखादा थोरला चुलत भाऊ आणि खाली आम्ही पोरं. कौल हातोहात अंगणात उतरायचं. एकाचं वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे पोराच्या दोन हातांत मावेल एवढं. आजी सावलीला बसून प्रत्येक कौलावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर उजवीकडं, भद्द वाजलं तर डावीकडं. भद्द वाजणाऱ्या कौलाला डोळ्यांना न दिसणारी चीर असते, आणि ती जुलैत दगा देते. शेवाळ काथ्यानं घासून काढायचं काम आमचं. संध्याकाळपर्यंत नखांत तांबडी माती भरलेली असायची आणि डोक्यावर पुन्हा छप्पर असायचं.

पुढं मी मुंबईकर झालो. आधी परळची चाळ, मग डोंबिवलीचा फ्लॅट. तिथं एका पावसाळ्यात झोपायच्या खोलीच्या छताला ओल धरली. पाणी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं. सोसायटीकडं अर्ज झाले, कंत्राटदार आला, वॉटरप्रूफिंग झालं, आणि पुढच्या पावसात ओल जागच्या जागी. मला त्या छताला हातच लावता येत नव्हता. वर दुसऱ्याचं घर, आत लोखंड आणि मध्ये सलग सिमेंट. कुठला तुकडा काढून कुठला बसवायचा, हे नुसतं बघून कळायची सोय नाही. आपलं छप्पर आपल्याला दुरुस्त करता न येणं ही गोष्ट मला फार लागली.

निवृत्त होऊन गावाला आलो तेव्हा घर काही वर्षं बंद होतं. काकू होती तोवर चूल रोज पेटायची. धूर माळ्यावरून वाशांना लागायचा आणि काजळी धरलेल्या त्या लाकडाला कीड सहसा शिवत नसे. काकू गेली, चूल थंड झाली आणि वाळवी भिंतीवरून मातीचे बोगदे काढत आढ्यापर्यंत पोचली. बंद घर पावसाइतकंच धुरावाचून पडतं, असं माझं आता पक्कं मत आहे.

घर सामायिक. घरपट्टीवर अजून आजोबांचंच नाव. पाडून स्लॅबचं बांधू, असं चुलत भावांपैकी दोघांचं म्हणणं होतं आणि ते उगाच नव्हतं. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वानरं कौलं फोडतात, आणि छपरावर चढणारा गडी मिळता मिळत नाही. गणपतीला सगळे जमले तेव्हा मी एवढंच म्हटलं की आधी मला हातानं करून बघू दे. त्यांनी ते मोठ्या मनानं मान्य केलं.

गावातले म्हातारे सुतार, सगळे त्यांना आबा म्हणतात, एका सकाळी आले. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली, जोत्याचे चिरे हातानं चाचपले आणि म्हणाले, ‘‘झिला, पाणी खयसून येता ता आधी बघ. भिंत मगे.’’ त्या एका वाक्यावर माझी सगळी कामं रांगेला लागली. आधी आढ्यावरचे कोने, मग पाखी, मग पागोळी पडते ती जागा, मग जोतं, आणि सगळ्यात शेवटी भिंत.

छपराचा नियम असा की संध्याकाळी पुन्हा झाकता येईल तेवढाच पट्टा सकाळी उघडायचा, कारण एप्रिल-मे महिन्यांत वळीव सांगून येत नाही. वाशावर हातोडीच्या दांड्यानं ठोकत जायचं, पोकळ वाजलं की तिथं छिन्नी लावायची. आमचे बहुतेक वासे मधे धडधाकट निघाले. कुजले होते ते पागोळीकडच्या टोकाला, हात-दीड हात. सगळा वासा टाकायचं कारण नव्हतं. कुजका भाग कापायचा, उरलेल्याला तिरकी खाच घ्यायची, आइनाचा नवा तुकडा तशाच खाचेत बसवून लाकडी खुंटी ठोकायची. आबांनी पहिला जोड करून दाखवला, पुढचे माझ्याकडून करून घेतले. वर काजूच्या टरफलांचं तेल. ते कातडीला लागलं तर भाजतं, म्हणून हातमोज्यांशिवाय डब्याला हात लावू नये. वाळवी मात्र त्या लाकडाच्या वाटेला जात नाही.

रिपांमधलं अंतर टेपनं नाही, कौलानंच मोजायचं. नवी आणि जुनी कौलं एका मापाची असतातच असं नाही, म्हणून एका पाख्यावर एकाच जातीची. खालून वर रांगा लावत जायचं, कौलाचं नाक रिपेत अडकतं आणि वरचं खालच्यावर बसतं. कडेच्या कौलांना खालच्या कानातल्या भोकातून तार ओवून बांधलं की वारा आणि वानर दोन्हींना जरा अटकाव होतो.

हे करताना मला हे घर खरं कळलं. यातली प्रत्येक वस्तू माणसाला उचलता येईल, काढता येईल, बदलता येईल अशी आहे. बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं की पाऊस दरवर्षी काहीतरी मोडणार आणि घरातली माणसं ते दरवर्षी लावणार. इतका प्रामाणिक विचार मला नंतरच्या कुठल्याच बांधकामात दिसला नाही.

भिंतींचं काम सावकाश चाललं आहे. मुंबईहून मनिऑर्डरी येऊ लागल्या त्या काळात बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला होता. तेव्हा ती सुधारणा होती, त्यामागं वडिलांच्या जादा पाळ्या होत्या. पण चिरा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण, आणि जन्मभर पाणी पिणारा नि सोडणारा. सिमेंटनं त्याची बाहेरची वाट बंद केली आणि ओल आत माजघरात उतरली. आता तो गिलावा छिन्नीनं उतरवतो आहे. सुटलेल्या पोपड्यामागं चिरा काळपट, ओलसर लागतो. दोन-तीन आठवडे उन्हावाऱ्यात राहिला की पुन्हा आपल्या तांबूस रंगावर येतो. ते बघायला मी रोज सकाळी अंगणात जातो. त्यावर चुन्याचा गिलावा. भिजवून मुरवलेला चुना, एका घमेल्याला तीन घमेली चाळलेली वाळू, पातळ थर, आणि थर सुकू न देता पाणी मारत राहायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला घाई चालत नाही.

वायरिंग आणि संडासाचं काम जाणत्या माणसांकडून करून घेतलं. ओटी आणि माजघर झालं, मागची पडवी बाकी आहे, तिचं पाखं पुढच्या वर्षी. गेल्या मे महिन्यात पाडायचं म्हणणारा चुलत भाऊ नातवाला घेऊन आला आणि पोरगं कौल छातीशी धरून शिडीपर्यंत नेऊ लागलं. टिचकी कशी मारायची ते मी त्याला दाखवलं.

गावाकडं तुमचंही असं घर बंद असेल तर ते बघायला मे महिन्यात जाऊ नका. मेमध्ये प्रत्येक घर बरं दिसतं. जुलैत जा, दोन दिवस राहा, चूल पेटवा, गळेल तिथं खडूनं खूण करा. पुढच्या वैशाखात त्या खुणांवरची कौलं उतरवून वासे ठोकून बघा. पाडायचं की ठेवायचं, ते त्यानंतर ठरवा.