न्हाणीघरातली ज्योत

साताऱ्याच्या घरी आंघोळीचं पाणी तापायचं ते तांब्याच्या बंबात. बंब परसात उभा असे. मधल्या नळीत आजी आधी करवंटी टाकायची, वर गोवरीचा तुकडा, मग लाकडाच्या ढलप्या. वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तेवढंच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडायचं. मग विसण. भर पावसातही आजीने बंब कधी आत घेऊ दिला नाही. "विस्तवाला वारा लागतो," एवढंच म्हणायची.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये विजेचा गीझर आला. 15 लिटरची टाकी, 2 किलोवॅटची कॉइल. 20 अंशांचं पाणी 50 वर न्यायला त्याला पावएक तास पुरे, वीज लागते साधारण अर्धं युनिट. बटण दाबा आणि चहा घ्या. पण 2005 च्या सुमारास भारनियमन सुरू झालं आणि सकाळचीच वीज जाऊ लागली. शेजारीपाजारी भराभर गॅस गीझर लागले. दोन सेलवर ठिणगी पडते, मिनिटाला सहा लिटर गरम पाणी येतं. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला घरभर माणसं रांगेत असली, की त्याच्यासारखी सोय नाही, हे मला आजही मान्य आहे.

खर्चाचं म्हणाल तर तेच 15 लिटर पाणी तेवढंच तापवायला गॅस लागतो पन्नासएक ग्रॅम. म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये अशी अडीचशेहून जास्त वेळा आंघोळीची सोय होते. विजेच्या तुलनेत बादलीमागे वाचतात फार तर एक-दोन रुपये.

आणि त्या रुपया-दोन रुपयांसाठी लोक बंद बाथरूममध्ये ज्योत पेटवतात! गारठा नको म्हणून खिडकीही लावून घेतात. कोंडलेल्या खोलीतला ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटीने घट्ट धरतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला मात्र ना वास, ना रंग. डोकं जड होतं, पाय लटपटतात, कडीपर्यंत हात पोचत नाही. दर हिवाळ्यात अशी बातमी वाचली की जीव कळवळतो. बंबाचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून माणसाला बाहेर तरी काढायचा.

विजेच्या गीझरलाही पक्कं अर्थिंग आणि वीज गळताच प्रवाह तोडणारं ईएलसीबी हवंच, पण ते एकदा नीट बसवलं की काम झालं.

म्हणून गीझर घ्यायला निघण्याआधी तो कुठे बसणार हे बघून जा. उघडी ड्राय बाल्कनी असेल आणि तिथून गरम पाण्याचा पाइप आत नेता येत असेल, तर खुशाल गॅसचा घ्या. नसेल तर विजेचाच घ्या. आणि तुमच्या बाथरूमच्या आत आज गॅस गीझर असेल, तर थंडी सुरू व्हायची वाट न पाहता प्लंबरला बोलवा आणि तो बाहेर काढून घ्या.