ऐकलेलें पुणें

शहराचा इतिहास डोळ्यांना दाखविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पुण्यास पाहुणा आला कीं यजमान त्यास शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढें उभा करतो, कवाडांवरचे अणकुचीदार खिळे दाखवितो, आणि आपलें कर्तव्य झालें असें मानून त्यास चहाला घरीं घेऊन जातो. पाहुणाही समाधान पावतो. जें उभें आहे तो इतिहास आणि जें बुजलें तें कांहींच नव्हे, असा हा सोपा हिशेब आहे. तो आम्हांला बरेच दिवस खटकत होता. म्हणून आम्हीं आणि आमच्या दोन मित्रांनीं डोळ्यांस थोडी रजा द्यावयाचें ठरविलें, व पुण्याच्या विस्मृत इतिहासावर एक पॉडकास्ट करावयास घेतला.

हा शब्द आतां घरोघरीं पोंचला आहे, तेव्हां त्याची फोड करण्याचें कारण नाहीं. दिवा मालवल्यावर अंथरुणांत ऐकलेल्या गोष्टींशीं त्याचें नातें छापील पुस्तकापेक्षां अधिक जवळचें आहे. साहित्यही फार लागत नाहीं: एक बरासा मायक्रोफोन, ध्वनि कापण्या-जोडण्याची सोय असलेला संगणक, आणि रिक्षांचा आवाज न येणारी खोली. पहिल्या दोन वस्तु पैसे टाकून मिळाल्या. तिसरी पुण्यांत कोठें मिळेना. अखेर दारां-खिडक्यांवर रजया टांगून आम्हीं तीही साधली.

विषय निवडला तो पाण्याचा. कारण तो अक्षरशः पायांखालीं गाडलेला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला गेला. ना पंप, ना यंत्र. केवळ उताराच्या जोरावर पाणी कित्येक मैल चालत शहरांत येई. वाटेंत ठिकठिकाणीं नळावर बांधून काढलेल्या मोकळ्या तोंडांना 'उच्छ्वास' असें नांव होतें. पाण्यालाही श्वास लागतो हें ज्या कारागिरांनीं ओळखलें, त्यांच्या भाषेचें आम्हांला मोठें कौतुक वाटलें. शहरांत आलेलें पाणी हौदांत पडे. काळा हौद, फडके हौद हीं नांवें आज रिक्षावाल्यांच्या तोंडीं आहेत. पण तीं उच्चारतांना पाणी कोणाच्या मनांत येत नाहीं. पुढें खडकवासल्याचें धरण झालें, घरांत तोट्या आल्या, आणि हौद मागें पडले.

हा पहिला भाग श्रोत्यांना आवडला. पूर्वजांची करामत ऐकावयास कोणाला आवडत नाहीं? परंतु पाणी कोठून आलें हें सांगून झालें कीं तें कोणाकोणाला मिळालें, हा प्रश्न दारांत येऊन उभा राहतो. त्याला 'पुन्हा केव्हां तरी या' म्हणणें आम्हांला प्रशस्त वाटेना. म्हणून दुसरा भाग तेथूनच सुरू केला. महात्मा फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठीं खुला केला. त्यांचे सत्यशोधक सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या दिवंगत लेकीच्या, काशीच्या, स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौद आजही लोक ओळखतात. हें सारें ग्रंथांत आहे. ग्रंथांत नसलेलें आम्हांला हवें होतें, आणि तें मिळालें सदाशिव पेठेंतील एका वृद्ध बाईंकडून.

आजींकडे आम्हीं गेलों होतों ते १२ जुलै १९६१ ची हकीकत विचारावयास. त्या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं, आणि पुण्याचा नदीकांठ पाण्याखालीं गेला. आजी सांगूं लागल्या: "सगळीकडे पाणीच पाणी, आणि प्यायला थेंब नाहीं. नळ कोरडे. मग वाड्यांतल्या आडावर ही रांग लागली. आमचा वाडा झाडायला एक बाई येत असे. एरवीं तिच्या घागरींत आम्ही वरून पाणी घालायचों. त्या दिवशीं तिनें स्वतःच्या हातानें रहाट ओढला. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढें नळ आले, आणि पुन्हा तिला वरूनच पाणी घालूं लागलों. मीच घालीत होतें."

फुल्यांच्या हौदाला तेव्हां ९३ वर्षें झालीं होतीं, आणि तो हौद त्या वाड्यापासून पायीं अर्ध्या तासाच्या वाटेवर होता.

दोन दिवसांनीं आजींच्या चिरंजीवांचा फोन आला. बोलणें सभ्य होतें. "पुराचें सगळें ठेवा, तेवढें बाईचें काढून टाका. घरची गोष्ट आहे, आणि आई आतां थकली आहे." त्यांचें म्हणणें अगदींच गैर होतें असें आम्हांला म्हणवत नाहीं. शिवाय काढणें किती सोपें! पुस्तकाचें पान फाडलें तर खूण राहते. ध्वनि कापून दोन टोकें जुळवलीं कीं मध्यें कांहीं होतें असा कानाला संशयही येत नाहीं. शहरांच्या इतिहासांतून माणसें नाहींशीं होतात तीं बहुधा अशींच, कोणाचाही द्वेष न करतां, केवळ संकोचापायीं.

परंतु शब्द आजींचे होते, तेव्हां निवाडाही त्यांचाच. आम्हीं चिरंजीवांच्या समक्ष त्यांना तें मुद्रण ऐकविलें. आजींनीं डोळे मिटून सारें ऐकलें. आपला आवाज इतका म्हातारा झाला आहे याचें त्यांना प्रथम नवल वाटलें. मग त्या चिरंजीवांकडे वळून म्हणाल्या, "राहूं दे रे. झालं तें झालं." थोड्या वेळानें आमच्याकडे पाहून त्यांनीं विचारलें, "त्यांत तिचें नांव नाहीं, हें तुमच्या लक्षांत आलें का? इतकीं वर्षें ती आली. मीं तिला नांव विचारलेंच नाहीं. तेंही घाला."

तेंही घातलें. हौदांना सरदारांचीं नांवें आहेत, पेठांना वारांचीं आणि पेशव्यांचीं. त्या एका दिवशीं शहराच्या आडावरचा नियम मोडणाऱ्या बाईचें नांव मात्र कोणत्याही पाटीवर येणार नाहीं. आम्हीं फार तर तिच्या नांवाची जागा रिकामी ठेवूं शकलों. ती जोडून टाकली नाहीं. आमच्या ध्वनिमुद्रणांत आजींच्या शेवटच्या वाक्यानंतर कांहीं क्षण शांतता आहे. श्रोत्यांपैकीं कोणी कळवितात कीं तेथें यंत्र बिघडलेलें दिसतें. त्यांना आम्ही लिहितों, यंत्र ठीक आहे. तेवढें पुन्हा एकदां ऐकावें.