वजूच्या पाण्यावरची वेल

मे महिन्यात अमरावतीहून अकोल्याला जायचे असेल, तर फजरची नमाज झाली की लगेच निघावे, असा आमच्याकडचा रिवाज आहे. अकरा वाजल्यानंतर वऱ्हाडातल्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गरम वाऱ्याने डोळे चुरचुरतात. राष्ट्रीय महामार्गाने गेले, तर बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मागे टाकत दोन तासांत अकोला येते. २०२२ च्या जून महिन्यात याच महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम झाला होता. पण या खेपेला आम्ही तो रस्ता सोडला आणि वलगाव, दर्यापूर, म्हैसांग अशी वाट धरली. आम्हाला अंगणे बघायची होती. इतक्या उन्हात आणि इतक्या कमी पाण्यात इथल्या घरांत भाजीच्या वेली कशा जगतात, हे जाणून घ्यायचे होते.

ढेमशांचे दिवस

आदल्या संध्याकाळी आम्ही अमरावतीच्या इतवारा बाजारात फिरलो. मे महिन्यात पालेभाजी महागते आणि कोमेजलेली मिळते, पण वेलीवरच्या भाज्यांचे ढीग लागलेले असतात: दुधी, दोडकी, गिलकी, कारली, काकडी आणि ढेमसे. ढेमसे म्हणजे उत्तरेकडचा टिंडा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ही भाजी ओळखू येत नाही, पण विदर्भात तिच्याशिवाय उन्हाळा पुरा होत नाही. परदेशात उन्हाळी भोपळ्यांचे जे कौतुक चालते, ते आमच्याकडे या हिरव्या, लवदार, लिंबापेक्षा थोड्या मोठ्या फळाच्या वाट्याला येते. सगळी भावंडे एकाच वेलवर्गीय कुळातली.

बाजारातले बरेच विक्रेते बागवान बिरादरीचे. बागवान म्हणजे बाग राखणारा. फळे आणि भाजी पिकवणे व विकणे हा या मुस्लिम बिरादरीचा पिढ्यांचा व्यवसाय. एका वयस्क चाचांना आम्ही विचारले, चांगले ढेमसे कसे ओळखायचे? त्यांनी एक उचलून नखाने हलकेच टोचले. "नख सहज आत गेले आणि सालीवर लव असली की डोळे मिटून घ्या. साल गुळगुळीत, चकचकीत झाली की आत बी तयार झालेले असते. ते मग गुरांना घाला."

खाऱ्या पाण्याचा मुलूख

वलगाव सोडून दर्यापूरकडे निघालो की जमीन सपाट आणि काळीभोर होत जाते. हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. इथे विहीर खणा किंवा बोअर मारा, पाणी लागते ते खारट. त्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि वाळलेल्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. असे पाणी झाडाला घातले की पानांच्या कडा करपतात. काळी चिकण माती क्षाराने आणखी घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि वर पांढरी पापडी धरते. म्हणून इथली शेती पावसाच्या भरवशावर चालते आणि पिण्याचे पाणी सातपुड्यातल्या शहानूर, वान यांसारख्या धरणांवरून नळाने आणावे लागते. नळ रोज येत नाही. आलेले पाणी ड्रम आणि टाक्यांत भरून ठेवायचे आणि मोजून वापरायचे.

अशा एका गावात आमच्या ओळखीच्या खालांचे घर आहे. अंगणात तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा मांडव, त्यावर दुधीची एक वेल आणि खाली ढेमशांच्या दोन आळी. भर मे महिन्यात मांडवाखाली हिरवी सावली होती. आम्ही विचारले, "खाला, गावात पाणी खारे, नळाचे पाणी मोजके. मग ही वेल कशावर जगते?"

"नमाजवर," खाला हसून म्हणाल्या.

त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यातली फरशी दाखवली. तिथे बसून घरचे सगळे वजू करतात. फरशीला थोडा उतार दिलेला आहे आणि पाणी एका घमेल्यात जमा होते. खालांचा हिशेब साधा होता. घरात चार माणसे. मर्द मंडळी काही नमाजा मशिदीत पढतात, तरी दिवसभरात घरी पंधरा वजू होतात. नळ सोडून वजू केला, तर एकेकाला चार-पाच लिटर पाणी सहज लागते. लोट्याने केला, तर एक-सव्वा लिटर पुरते. म्हणजे दिवसाला १५ ते १८ लिटर गोडे, साबण नसलेले पाणी. भर उन्हाळ्यात एका वेलीला रोज पाच-सहा लिटर दिले की ती तग धरते. तीन वेलींचा हिशेब जुळला.

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरपेक्षाही थोडे कमी. वाहत्या नदीकाठी बसलो तरी पाणी उधळू नये, हीच शिकवण आहे. शहरात नळाखाली बसून वजू करताना ही गोष्ट आपण विसरतो. खारपाणपट्ट्यात ती विसरून चालतच नाही. वजूचे वापरलेले पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण झाडाला घालायला काही हरकत नाही.

बाकीची काळजीही खालांनी सांगितली. पाणी सकाळी लवकर किंवा असरनंतरच द्यायचे. आळ्यात सोयाबीनचे कुटार चार बोटे जाड पसरायचे, म्हणजे ओल टिकते आणि क्षार वर येत नाहीत. भांड्यांचे साबणाचे पाणी वेलीला कधीच घालायचे नाही. आणि पावसाळ्यात छपराचे पाणी गटारात जाऊ द्यायचे नाही. या भागात वर्षाला सरासरी ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो. ५० चौरस मीटरच्या छपरावर त्यातून ३५ हजार लिटरहून जास्त गोडे पाणी पडते. सगळे साठवणे कुणाला जमत नाही, पण खालांच्या अंगणातली झाकलेली टाकी दिवाळीपर्यंत पुरते.

मांडवाखाली बसलो असता आमच्या लेकीला हजरत युनूस (अलै.) यांची हकीकत आठवली. माशाच्या पोटातून उघड्या, ओसाड जमिनीवर आले तेव्हा ते आजारी आणि अशक्त होते. अल्लाहने त्यांच्यावर एक वेल उगवली. कुरआनच्या सूरह साफ्फातमध्ये तिला 'यक्तीन' म्हटले आहे आणि बहुतेक भाष्यकार ती भोपळ्याच्या जातीची वेल मानतात. मोठ्या पानांची, लवकर वाढणारी आणि सावली देणारी. दर्यापूरच्या उन्हात बसल्यावर या आयतीचा अर्थ शब्दकोशाशिवाय कळतो.

अकोल्याचे अंगण

म्हैसांगजवळ पूर्णा ओलांडून आम्ही अकोल्यात शिरलो. हे शेतीचे शहर. पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्रिपद सांभाळले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून इथे आहे. पण शहराच्या गल्ल्यांत मात्र माती दिसेनाशी होत चालली आहे. घरापुढे जिथे मोगरा, कढीपत्ता आणि दुधीची वेल असायची, तिथे फरशी आणि मोटारसायकली आल्या आहेत. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते आणि उन्हाळ्यात त्यासाठी कित्येक दिवस वाट पाहावी लागते. त्यामुळे झाड लावायला लोक कचरतात.

आमच्या फुफींच्या घरीही हाच प्रश्न आला होता. धाकट्या मुलाचा निकाह ठरला आहे. एक खोली वाढवायची तर अंगणाशिवाय जागा नाही. त्या आठ बाय दहा फुटांत फुफींनी पस्तीस वर्षे वेली लावल्या. बाळापूरच्या माहेरून त्यांनी दुधीचे बी आणले होते, तेच दरवर्षी धरत आल्या. वेल भिंतीवरून पलीकडे वऱ्हाडे काकूंच्या अंगणात उतरते. पलीकडे लागलेली फळे काकूंची, असा दोन घरांचा जुना करार. काकू आम्हाला म्हणाल्या, "वेल गेली त आमच्या घरचा उन्हाळा कसा निंगन व बाई?"

मुलगा म्हणाला, "अम्मी, बाजारात दुधी मिळतोच की." फुफी रागावल्या नाहीत. खोली हवीच होती, ते त्यांनाही कळत होते. पण त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, नव्या खोलीच्या गच्चीवर जाळीचा मांडव आणि वीस लिटरच्या चार बादल्या बसवायच्या. दुसरी, वजूची जागा वरच करायची, म्हणजे पाणी जिन्याने वाहून न्यावे लागणार नाही. मुलाने दोन्ही कबूल केल्या. नकाशा काढणाऱ्या मिस्त्रीने वजूच्या पाण्याचा पाइप थेट बादल्यांकडे वळवून दाखवला, तेव्हा फुफींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसले.

गच्चीवर वेल लावायची, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. उन्हाळी दुधी आणि ढेमशांचे बी फेब्रुवारीत लावावे. दीड-दोन महिन्यांत फळ धरते. आधी नर फुले येतात, ती गळली म्हणून घाबरू नये. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते. कडक उन्हात नर फुले जास्त आणि मादी कमी येतात, म्हणून दुपारी जुन्या ओढणीची सावली करावी. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. गच्चीवर पतंग-भुंगे कमी फिरकतात. मगरिबनंतर एक नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, ते मादी फुलाच्या टोकावर हलके फिरवावे. कोवळ्या रोपांवर लाल भुंगेरे आले, तर सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरावी.

बियांसाठी एक चांगले फळ वेलीवरच वाळू द्यावे. हलवल्यावर खुळखुळले की फोडून बी सावलीत सुकवावे आणि राखेत ठेवावे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. बी धरायचे असेल, तर दुधीचा 'सम्राट' किंवा ढेमशाचा 'अर्का टिंडा' असे सरळ वाण घ्यावेत, किंवा फुफींसारखे घरचे.

दस्तरखानावर

त्या दुपारी फुफींनी दालचा केला. वऱ्हाडात लग्नाच्या दावतीतला दालचा आणि भात कोण विसरेल? सहा माणसांसाठी दीड वाटी हरभऱ्याची डाळ आणि अर्धा किलो हाडांचे मटण आले-लसूण, हळद घालून वेगवेगळे शिजवायचे. कांदा लाल परतून त्यात तिखट, धणे आणि घोटलेली डाळ, मग मटण घालायचे. अर्धा किलो दुधीच्या मोठ्या फोडी सगळ्यात शेवटी. दहा-बारा मिनिटांत शिजतात, जास्त ठेवल्या तर विरघळतात. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, कढीपत्ता आणि जिऱ्याचा तडका दिला की झाले.

ढेमशांचे दोन प्रकार होतात. मटण तीन हिस्से शिजले की चार फाका केलेले ढेमसे घालून मंद आचेवर ठेवायचे. पाणी वरून घालायचे नाही, भाजीला स्वतःचे पाणी सुटते. बिनमटणाचे हवे असेल, तर भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे आणि काळा मसाला यांचे सारण भरून तेलावर वाफवायचे. दोडक्याच्या शिरा फेकू नयेत. तिळाबरोबर परतून, हिरवी मिरची-लसूण घालून वाटल्या की भाकरीबरोबर चटणी होते.

एक गोष्ट मात्र कधी चुकवू नये. दुधी, दोडके, काकडी कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघावा. कडू लागला, तर तो थुंकून सगळे फळ टाकून द्यावे. हा कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे दगावली आहेत.

जेवताना फुफांनी हजरत अनस (रजि.) यांची गोष्ट काढली. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले. जवाची भाकरी आणि वाळवलेले मांस व दुधी घातलेला रस्सा असा साधा बेत होता. प्रेषित (स.) थाळीतून दुधीच्या फोडी शोधून खात होते. ते पाहिल्यापासून हजरत अनस यांना दुधी कायमचा आवडू लागला. आमच्या लेकीने ताटात बाजूला सारलेल्या फोडी यानंतर गुपचूप संपवल्या.

जेवणाआधीच एक डबा भिंतीपलीकडे काकूंकडे गेला होता, त्यांच्यासाठी बिनमटणाचे भरले ढेमसे. रस्सा करताना पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्याला द्या, ही शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आणि मोमिनाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, हीसुद्धा. विकतच्या भाजीत पैसे दिले की व्यवहार संपतो. घरच्या वेलीचा व्यवहार शेजारी, पाखरे आणि पुढच्या वर्षीच्या बियांपर्यंत चालू राहतो.

नव्या खोलीचे बांधकाम पावसाळ्याआधी सुरू होईल. त्याआधी फुफींनी वेलीवरचे सगळ्यात मोठे फळ बियांसाठी राखून ठेवले आहे. त्यातले मूठभर बी काकूंना आणि मूठभर आम्हाला मिळणार आहे. आमच्या अमरावतीच्या घरी अंगण नाही, पण वजू दिवसातून पाच वेळा होतो. बादली कुठे ठेवायची, तेवढे ठरवायचे आहे.