भिंतीची चीर

आषाढ लागला, की तानसा परिसरातील पाऊस सरळ पडत नाही. तो वाऱ्यावर बसून आडवा येतो. या माऱ्याला झड म्हणतात. येथील जुन्या घरांना झडीची पूर्ण ओळख होती. कारवीचे कूड, त्यांवर शेणामातीचा लेप आणि भिंतीपुढे हात-दोन हात आलेली वळचण, अशी ती घरे असत. पावसाळ्यापूर्वी भिंती पुन्हा लिंपावयाच्या, हा वर्षाचा नेम असे. भिंत उलली असली, तर ती त्याच नेमात बुजे.

पुढे विटांच्या भिंती आल्या, त्यांवर सिमेंटचा गिलावा आला. घर पक्के झाले, या विश्वासाने वळचण आखूड झाली आणि वर्षाचा नेमही सुटला.

शहापूर तालुक्यातील अशाच एका घरात खिडकीखाली आजीची भाताची कणगी असे. नवे पीक येईतो घराची चूल तिच्यावर चाले. एका श्रावणात आजीने कणगीच्या तळाशी हात घातला, तो मूठभर भात काळे पडलेले निघाले. भिंतीला ओल आली होती. मुलाने लगबगीने आतून सिमेंट थापले, वर रंग दिला. पंधरवड्यातच रंगाचे पोपडे सुटले आणि ओल हातभर पसरली.

तेव्हा आजीने गावातील वृद्ध गवंड्याला बोलाविले. तो थेट घराबाहेर गेला. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली केसासारखी चीर त्याने दाखविली. तो म्हणाला, "वहिनी, ओल दिसते तेथेच पाणी शिरते, असे नाही. ते वर शिरते आणि वाट मिळेल तेथे उतरते."

खिडकीच्या कोपऱ्यांवर भिंतीचा ताण एकवटतो. म्हणून तडा बहुधा तेथून निघतो. नव्या गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारले नाही, तर तो भराभर सुकून आकसतो व फाटतो. चौकटीचे लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते; त्यामुळे तेथेही फट पडते. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे पाणी या बारीक फटींत ओढले जाते.

कणगी त्याच दिवशी हलविली. भिंत वाळल्यावर, दिवाळीनंतर, गवंड्याने चीर छिन्नीने रुंद केली, धूळ झाडली, पाणी शिंपडले आणि वाळू-सिमेंट ठासून भरले. चौकटीभोवतीची फट बुजविली. खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार दिला. वर छज्जा बांधला व त्याच्या खालच्या अंगाला कडेलगत एक खाच ठेवली. नातवाने छज्जावर तांब्याभर पाणी ओतले. पाणी कडेवरून खाली वळले, खाचेशी अडले आणि टपटप गळून पडले. भिंतीपर्यंत पोहोचले नाही.

"आजोबा, तानशाचे धरण एवढे पाणी अडविते, मग आमच्या भिंतीला चार थेंब का अडवले नाहीत?" नातवाने विचारले.

"धरणावर माणसे नजर ठेवतात, बाळा. या भिंतीकडे कोणी पाहिले होते?"

मुंबईला पाणी देणारे ते दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी अडीच किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या बांधकामालाही देखरेख लागते, तर चार भिंतींच्या घराला का लागू नये?

पुढच्या वर्षी मृगापूर्वी नातवाने घराभोवती एक फेरी मारली आणि प्रत्येक खिडकीचे कोपरे निरखून पाहिले. त्या श्रावणात आजीने कणगीच्या तळाशी हात घातला, तेव्हा भात कोरडे होते.