सगळं आहे, तरी सुरू होईना

जुन्या हार्ड डिस्कची एसएसडीवर नक्कल झाली. फोटो, पत्रं, हिशेब, सगळं जागच्या जागी. तरी पडद्यावर एकच तक्रार : बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

साठवण शाबूत असणं वेगळं आणि सुरुवात करता येणं वेगळं. यूईएफआय संगणकात विंडोजला जागं करणाऱ्या फाइली सी ड्राइव्हमध्ये नसतातच. त्या असतात फॅट३२ पद्धतीच्या छोट्या, लपलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये. नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरनं नेमकं तेच वगळलं होतं. घर हललं, किल्ली मागेच राहिली.

आधी जुनी डिस्क काढून ठेवली. दोघींची ओळखसही एकच असेल तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं. मग इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडला. एसएसडी जीपीटी पद्धतीची होतीच. डिस्कपार्टनं मोकळ्या जागेत ईएफआय पार्टिशन तयार केलं, बीसीडीबूटनं त्यात बूटच्या फाइली लिहिल्या आणि विंडोज उठलं. माहितीच्या ढिगापुढे त्या फाइली म्हणजे चिमूटभर, पण त्यांच्यावाचून सारं अडलेलं.

नक्कल कितीही हुबेहूब वाटो, नवी डिस्क एकटीनं सुरू होऊन नीट चालल्याशिवाय जुनी पुसू नका.